फोडण्याआधी एकदा घर नीट पाहून घ्या

वाचकाचे पत्र :
आम्ही कोथरूडला १९८८ साली बांधलेल्या तीन मजली इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. फ्लॅट ६४० चौरस फुटांचा आहे. मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, सागवानी खिडक्या, मागच्या बाल्कनीवर सिमेंटचा पत्रा, असे सगळे जुनेच आहे. एका बाथरूममधून खालच्या मजल्यावर ओल उतरते. आमच्याकडे पाच लाख रुपये आहेत आणि ठेकेदाराने ९,४०,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे : फरशी १,७५,०००, मॉड्युलर स्वयंपाकघर २,६०,०००, दोन बाथरूम २,२०,०००, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या ९०,०००, पीओपी छत आणि रंग १,३५,००० आणि वायरिंग ६०,०००. ‘सगळे उखडून टाकू, राडारोड्याचे आम्ही बघतो,’ असे तो म्हणतो. माझ्या ७८ वर्षांच्या सासूबाईंना जुनी फरशी काढणे मान्य नाही. घर सुधारावे, खर्च झेपावा आणि आपला कचरा कोणाच्या दारात जाऊन पडू नये, एवढीच इच्छा आहे. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. कचरा कोणाच्या दारात पडू नये, हे तुम्ही आपणहून लिहिलेत याचे मला फार बरे वाटले, कारण घराचे काम काढताना हा विचार बहुतेकांच्या मनात शेवटी येतो आणि तोपर्यंत ट्रॅक्टर निघून गेलेला असतो. तुमच्या अंदाजपत्रकातली अडचण माझ्या मते दरांची नाही. जे चांगले आहे तेही फोडायचे, असे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे, आणि पैसा व कचरा हे दोन्ही प्रश्न तिथेच उभे राहतात. जेवढे कमी फोडाल तेवढे कमी विकत घ्यावे लागेल आणि तेवढेच कमी वाहून न्यावे लागेल.

मात्र त्याच्याही आधी एक प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा : आपल्या इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा कुठपर्यंत आली आहे? कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे या भागांतल्या तुमच्या इमारतीच्या वयाच्या कितीतरी सोसायट्या आज विकसकांशी बोलणी करीत आहेत. तुमच्या सर्वसाधारण सभेत हा विषय गंभीरपणे निघाला असेल, तर पाच-सात वर्षांत पाडल्या जाणाऱ्या भिंतींवर लाखो रुपये लावणे शहाणपणाचे नाही. तसे असल्यास गळती थांबवावी, वायरिंग सुरक्षित करून घ्यावे, रंग द्यावा आणि उरलेला खर्च सोबत नेता येतील अशाच वस्तूंवर करावा. चांगले लाकडी कपाट आणि पंखे नव्या घरात येतात. टाईल आणि पीओपी येत नाहीत.

त्याच भेटीत इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागून घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हायला हवी. तुमची इमारत दुसऱ्या गटात मोडते. कोणत्या कॉलमची सळई उघडी पडली आहे आणि कोणत्या स्लॅबला पाणी लागले आहे, हे त्या अहवालातून कळेल. तो हाती येईपर्यंत भिंतीवर घण पडू देऊ नका, आणि स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी मधली भिंत काढण्याचा विषय कोणी काढलाच, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय तो पुढे नेऊ नका.

आता फरशीकडे येते. याबाबत सासूबाईंचे म्हणणे योग्य आहे आणि ते का योग्य आहे, हे मी हिशेबाने सांगते. मोझॅकची लादी साधारण दोन सेंटिमीटर जाडीची असते आणि तिच्याखाली सिमेंट-वाळूचा पाच सेंटिमीटरचा थर असतो. तुमचे ६४० चौरस फूट म्हणजे जवळजवळ ६० चौरस मीटर. एवढ्या जागेतला सात सेंटिमीटरचा थर उखडला तर सव्वाचार घनमीटर माल निघतो आणि त्याचे वजन आठ टनांच्या घरात जाते. फोडल्यावर तो फुगतो आणि दोन ब्रास, म्हणजे २०० घनफूट, भरतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात तो माल अर्ध्यापर्यंतच, म्हणजे २५ किलोपर्यंत भरला, आणि माणसाच्या पाठीचा विचार करता तेवढाच भरावा, तर ३०० हून अधिक पोती होतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ही पोती बिगारी डोक्यावर घेऊन तीन जिने उतरणार आणि मग नव्या फरशीसाठी वाळू, सिमेंट आणि टाईल तेच जिने चढून वर आणणार. १,७५,००० रुपयांतला मोठा भाग या चढ-उतारात जातो.

एवढे करून हाती काय लागते? बाजारातली चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल एक सेंटिमीटरच्या आसपास जाडीची असते आणि तिच्यावर पाणी सांडले की ७८ वर्षांच्या माणसासाठी ती धोक्याची ठरते. तुमच्या पायाखालच्या मोझॅकमध्ये मात्र संगमरवराच्या चिपा सिमेंटमध्ये बसवलेल्या आहेत. वरचा थर जाड असल्यामुळे तो पुन्हा घासता येतो, आणि वर्षानुवर्षांचे डाग, मेणचटपणा, पुसट झालेला रंग हे सगळे वरच्या एखाद्या मिलिमीटरातच असते.

हे काम मी आमच्या घरी जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पॉलिशवाले आले की आधी लाद्यांमधले सांधे आणि बारीक खड्डे फरशीच्या रंगाशी जुळवलेल्या सिमेंटने भरून घेतात आणि ते सुकू देतात. मग फरशीवर पाणी सोडून मशीनच्या खाली दगडाच्या बट्ट्या लावून घासणे सुरू होते. पहिल्या हाताला जाड बट्टी, साधारण ६० नंबरची, मग १२० आणि शेवटच्या हाताला ३२०, आणि त्यानंतर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पावडरीने चमक काढतात. पहिल्या हाताला काहीच छान दिसत नाही, सगळीकडे राखाडी चिखल होतो आणि घरातली माणसे धास्तावतात. दुसऱ्या हातानंतर चिखल बाजूला सारला की खालून पिवळ्या, काळ्या, विटकरी चिपा अशा वर येतात की फरशी घातली त्या दिवशी ती कशी दिसली असेल याची कल्पना येते. एखादी लादी तडकलेली असेल तर ओट्याखालच्या कोपऱ्यातली, कोणाला न दिसणारी लादी चारी बाजूंनी सांधा कापून सावकाश काढायची आणि तिथे बसवायची. बाजारात आता त्या नक्षीची लादी मिळणे कठीण आहे आणि नवी मिळाली तरी तिचा रंग जुळत नाही. चमक फार काढू नका, असे पॉलिशवाल्यांना आधीच सांगा. चालण्याच्या वाटेवर शेवटचा हात टाळला तरी फरशी स्वच्छ दिसते आणि पाय घसरण्याची भीती कमी राहते.

त्या राखाडी चिखलाबद्दल मात्र आग्रह धरा. तो बाथरूमच्या जाळीत लोटून देण्याची पद्धत आहे. तो सिमेंट आणि दगडाचा गाळ असल्यामुळे पाईपच्या वळणात बसून दगडासारखा घट्ट होतो आणि मग संपूर्ण मजल्याचा निचरा तुंबतो. गाळ बादल्यांत भरून रात्रभर ठेवा. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली घट्ट थर दिसेल. पाणी हळूच ओतून द्या आणि थर गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर वाळवून पोत्यात भरा. आमच्याकडे दोन खोल्यांचा गाळ वाळल्यावर जेमतेम दीड पोते झाला होता.

जुन्या फरशीवरच चिकटद्रव्याने नवी टाईल लावून देतो, असेही तुम्हाला कोणी सुचवील. यात फोडाफोड होत नाही हे खरे, पण स्लॅबवर दीड टनाचे नवे ओझे चढते, सगळे दरवाजे खालून कापावे लागतात आणि उंबऱ्यांच्या पातळ्या बदलून नव्या ठेचा लागण्याची सोय होते. ३५ वर्षे ओलांडलेल्या इमारतीत मी ते सुचवणार नाही.

स्वयंपाकघरातला सगळ्यात मजबूत भाग तुमच्याकडे आहेच. कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे पाण्याने फुगत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही आणि झुरळे झाली तरी ते धुऊन काढता येतात. मॉड्युलर स्वयंपाकघर बहुधा भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डचे किंवा एमडीएफचे असते. सिंकखाली एकदा गळती झाली की त्याच्या कडा फुगतात, बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होतात आणि काही वर्षांतच ते फेकावे लागते. रेझिन मिसळलेल्या त्या भुशाचा पुढे काही उपयोगही होत नाही. म्हणून कप्पे तसेच ठेवा, आतून घासून धुऊन घ्या आणि त्यांना पुढून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची दारे बसवा. दोन-तीन कप्प्यांत भांड्यांसाठी स्टीलच्या सरकत्या जाळ्या बसवल्या की मॉड्युलरची खरी सोय मिळते. वरची कपाटे नवी करायची असतील तर प्लायवुडवर ‘आयएस ७१०’ हा शिक्का आहे का ते स्वतः पाहून घ्या, कारण तो उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या चिकटाच्या मरीन प्लायचा आहे. ‘आयएस ३०३’ ही सर्वसाधारण वापराच्या प्लायची खूण आहे आणि ती बेडरूमच्या कपाटाला चालते.

सागवानी खिडक्या काढण्याचा विचार तर पूर्णपणे सोडा. दोन रुळांची सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते, तर तुमची झडपांची खिडकी पूर्ण उघडते आणि वरच्या मजल्यावर एप्रिल-मेमध्ये हा फरक रोज जाणवेल. शिवाय तुमच्याकडे आहे तसे जुने सागवान आज नव्याने घ्यायचे म्हटले तर भाव ऐकूनच परत यावे लागेल. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये एकदा चौकशी केलीत तर आपल्या खिडक्या किती मोलाच्या आहेत ते कळेल. झडपा लागत नसतील तर सुतार एका दिवसात रंधा मारून, बिजागऱ्या बदलून त्या सरळ करतो. खालची आडवी पट्टी कुजली असेल तर तेवढीच नवी जोडतो.

एका बाबतीत सावध राहायला हवे. या खिडक्यांवर वर्षानुवर्षे ऑईलपेंटचे थर चढलेले असणार. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते आणि ते थर कोरड्या पॉलिशपेपरने घासले तर ती धूळ श्वासातून आणि बोटांवाटे पोटात जाते. लहान मुलांना तिचा धोका सर्वांत जास्त असतो. खाली प्लास्टिक अंथरून, पृष्ठभाग सतत ओला ठेवून घासायला सांगा, निघालेले पापुद्रे ओल्या फडक्याने टिपून वेगळ्या पिशवीत बंद करा आणि काम करणाऱ्यांना चांगले मास्क आणून द्या. मास्कचा खर्च ठेकेदारावर सोपवू नका, कारण तो होत नाही.

बाथरूमच्या बाबतीत काटकसर करू नका. ज्या बाथरूममधून ओल उतरते तेच उघडा आणि दुसऱ्याला हात लावू नका. अंदाजपत्रकात मला एक मोठी उणीव दिसते : त्यात पाण्याच्या पाईपचा उल्लेखच नाही. १९८८ च्या इमारतीत भिंतीच्या आत लोखंडी जीआय पाईप असणार आणि ते आतून गंजाने निम्मे बुजलेले असणार. नव्या टाईल लावून झाल्यावर जुना पाईप फुटला तर सगळे पुन्हा फोडावे लागेल. म्हणून पाईप आधी बदला, वॉटरप्रूफिंग त्यानंतर आणि टाईल सर्वांत शेवटी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळीचे तोंड बंद करून जमिनीवर किमान २४ तास, शक्य तर ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला हात लावून पाहा. ते कोरडे असेल तरच टाईलचे काम सुरू करू द्या. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधला जुना कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा भराव, काढला तर त्यातले विटांचे धड तुकडे धुऊन पुन्हा कोब्यात वापरता येतात. गवंडी तयार असतात, आपण सांगावे मात्र लागते. जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सोडते, तर दोन बटणांची नवी टाकी तीन किंवा सहा लिटरमध्ये भागवते. हा बदल दोन्ही बाथरूममध्ये करून घ्या, त्याला फोडाफोड लागत नाही.

वायरिंगचे ६०,००० रुपये तसेच ठेवा. अर्थिंग तपासून घ्या आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवा, कारण वयस्कर माणूस ओल्या हाताने गीझरचे बटण दाबतोच. पंखे बदलायचे असतील तर कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, म्हणजे बीएलडीसी घ्या. जुना पंखा ७५ वॅट ओढतो आणि हा ३० वॅटच्या आसपास, त्यामुळे रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला १९० हून अधिक युनिट वाचतात.

पीओपीचे छत अंदाजपत्रकातून काढून टाका. वरच्या मजल्यावर गच्चीतून पाणी झिरपू लागले तर ते छत आधी ओल लपवते आणि मग एके दिवशी खाली येते. त्याचा कचराही त्रासदायक असतो. पीओपी म्हणजे जिप्सम, आणि ते विटा-काँक्रीटच्या राडारोड्यात मिसळले की तो माल पुन्हा वापरायला निकृष्ट ठरतो. ओल्या कचऱ्यात गेले तर त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू निघतो. भिंतींचा गिलावाही सरसकट काढू देऊ नका. लाकडी दांड्याने ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल काढा आणि तेवढाच गिलावा नवा करून घ्या. उन्हाळ्यातली उष्णता कमी करायची असेल तर सोसायटीची परवानगी घेऊन डोक्यावरच्या गच्चीला पांढरा चुना द्या. आपल्याकडची ही जुनी आणि खात्रीची रीत आहे. सोसायटी गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे टाईलच्या तुकड्यांची फरशी, करण्याच्या विचारात असेल, तर बाथरूमच्या भिंतीवरून निघणाऱ्या पांढऱ्या चकचकीत टाईलचे तुकडे वेगळे काढून ठेवा. गवंडी त्या कामात असेच तुकडे वापरतात.

या बेताने हिशेब मांडला तर फरशीच्या पॉलिशला ४०,०००, स्वयंपाकघराला १,१०,०००, एका बाथरूमला आणि दोन फ्लश टाक्यांना मिळून १,२०,०००, पाण्याच्या पाईपला ४०,०००, खिडक्यांना २५,०००, गिलाव्याची डागडुजी आणि रंगाला ६५,००० आणि वायरिंगला ६०,००० असे ४,६०,००० रुपये होतात. प्रत्येक कामाचे तीन-तीन ठिकाणचे दर घेऊन हे आकडे ताडून पाहा. उरलेले ४०,००० राडारोड्याच्या वाहतुकीसाठी आणि भिंतीआड जे निघेल त्यासाठी राखून ठेवा. जुन्या घरात भिंतीआड काहीतरी निघतेच.

आता ‘राडारोड्याचे आम्ही बघतो’ या वाक्याबद्दल. हेच वाक्य २०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या ठेकेदाराने उच्चारले होते आणि आम्हाला हायसे वाटले होते. तीन आठवड्यांनी सकाळी फिरायला गेले असताना ओढ्याच्या काठाला नव्याने पडलेला ढीग दिसला आणि त्यात पिस्त्याच्या रंगाच्या, कोपऱ्यात लहानसे पांढरे फूल असलेल्या टाईल. त्या आमच्या बाथरूमच्या होत्या. माझ्या मुलीने लहानपणी एका फुलावर मार्करने काढलेला चेहरासुद्धा एका तुकड्यावर तसाच होता. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. पैसे आम्ही मोजले होते, पण माल कुठे जाणार हे आम्ही विचारले नव्हते. दोन वर्षांनी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, पुण्यातल्या आंबिल ओढ्याने काठावरच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत हाहाकार केला, माणसे वाहून गेली. भरावांनी आणि बांधकामांनी अरुंद झालेल्या ओढ्यांची चर्चा त्यानंतर कितीतरी दिवस चालली होती. आमच्या टाईल दुसऱ्या ओढ्याच्या काठावर पडल्या होत्या, पण त्या रात्रीपासून मला तो ढीग विसरता आलेला नाही.

म्हणून हे काम तुम्ही स्वतः बघा. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांनुसार दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्यांवर विशेष जबाबदाऱ्या होत्या. तुम्ही त्यांत मोडला नसता, पण रस्त्यावर, नाल्यात किंवा मोकळ्या जागेवर राडारोडा न टाकण्याचे आणि तो ठरलेल्या केंद्रावर पोहोचवण्याचे बंधन लहान घरमालकावरही होते. त्यांच्या जागी आलेल्या, १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या नव्या नियमांचा भर २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. त्यामुळे आपण सुटलो, असा अर्थ कोणी काढू नये.

काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी महापालिकेच्या आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन राडारोडा कोणत्या केंद्रावर द्यायचा, शुल्क किती आणि गाडी कोणाची, हे विचारून घ्या. वाघोली येथे पुणे महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. देशातला असा पहिला प्रकल्प दिल्लीत बुराडीला २००९ मध्ये सुरू झाला. अशा प्रकल्पांत काँक्रीट आणि विटा दळून खडी व वाळू वेगळी करतात आणि त्यापासून पेव्हर ब्लॉकसारख्या वस्तू होतात. अशा खडीचा ठरावीक प्रमाणात वापर करायला भारतीय मानक ‘आयएस ३८३’ ने २०१६ पासून मान्यता दिली आहे. पण तिथे पोहोचणारा माल स्वच्छ असेल तरच हे सगळे घडते. पोत्यात काँक्रीटबरोबर थर्माकोल, रंगाचे डबे आणि जेवणाचे कागद असतील तर त्याचे काही होत नाही.

ठेकेदाराच्या करारात दोन वाक्ये लिहून घ्या. राडारोडा अधिकृत केंद्रावर दिल्याची पावती दाखवल्यावरच शेवटचे दहा टक्के मिळतील, हे पहिले. निघालेले भंगार घरमालकाचे राहील, हे दुसरे. तांब्याच्या जुन्या तारा, पितळी नळ आणि लोखंडी पाईप यांना भंगारात चांगला भाव येतो आणि सहसा तो हिशेब आपल्या कानावरही येत नाही. तारा मात्र न जाळता विकल्या जातील एवढे पाहा.

जिन्याखाली पोत्यांचे वेगळे गट ठेवा : विटा-काँक्रीट-टाईल एकीकडे, लाकूड दुसरीकडे, धातू तिसरीकडे. काच जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. तुमच्या दारात कचरा घ्यायला येणाऱ्या ताई बहुधा ‘स्वच्छ’ संस्थेच्या असतील. १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून ती संस्था आली आणि या महिला कचरा हाताने वेगळा करतात. ब्लेड, खिळे किंवा टाईलच्या कपच्या रोजच्या डब्यात गेल्या तर त्या आधी त्यांच्या बोटांना लागतात. जुने फर्निचर आणि कपडे यांच्यासाठी ‘स्वच्छ’चे वेगळे संकलन असते, त्यांनाच विचारा. रंगाचे डबे, ट्यूबलाईट आणि सीएफएल हे घरगुती घातक कचऱ्यात येतात. ट्यूबमध्ये पारा असतो, ती फोडू नका. उरलेला रंग बेसिनमध्ये ओतू नका. थोडा असेल तर त्यात लाकडाचा भुसा किंवा वाळू घालून वाळवा, जास्त असेल तर सोसायटीच्या गेटला किंवा वॉचमनच्या खोलीला वापरा.

मागच्या बाल्कनीवरचा सिमेंटचा पत्रा त्या काळातला असल्यामुळे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे, असे धरूनच चाला. तो धड असेल आणि गळत नसेल तर तसाच राहू द्या, वरून रंगाचा हात द्या, पण त्याला भोक पाडू नका आणि तो घासू नका. काढावाच लागला तर आधी पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अख्खाच्या अख्खा उतरवावा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा आणि त्याचे काय करायचे ते क्षेत्रीय कार्यालयाला स्वतंत्रपणे विचारावे. तो हातोड्याने फोडून पोत्यात भरू लागले तर काम तिथेच थांबवा, कारण त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेले की बाहेर निघत नाहीत.

कामाला जानेवारीत हात घाला, म्हणजे वॉटरप्रूफिंग आणि गच्चीचा चुना पावसाच्या आत वाळेल. सासूबाईंना पॉलिशचे चार-पाच दिवस आणि गिलाव्याचे दोन दिवस नातेवाइकांकडे राहू द्या, कारण सिमेंटची बारीक धूळ त्यांच्या श्वासाला सोसणार नाही. टाईल कापताना पात्यावर पाणी सोडायला लावा आणि तेही शक्य तो घराबाहेर, गच्चीवर. आणि पॉलिशच्या पहिल्या दिवशी फरशीवर राखाडी चिखल पसरलेला असेल तेव्हा त्यांना घर दाखवू नका. तिसरा हात झाल्यावर, फरशी पुसून कोरडी झाल्यावरच बोलवा.